साल आणि कुसू: हातहत्यारांनी सांधा कापणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गच्चीवर पत्र्याखाली दर रविवारी पाच-सहा जण स्टूल बनवायला येतात. एका स्टुलाला चार पाय, त्यांना जोडणाऱ्या आठ आडव्या पट्ट्या, म्हणजे सोळा सांधे. आणि दर सांध्यामागे निदान दोन प्रश्न. मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात फिटर होतो. सुतारकाम शिकलो ते नंतर, पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे, जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याखाली लाकूड दाबून धरत. त्यामुळे खालची काही उत्तरं त्यांची, काही माझी. चुका बहुतेक माझ्याच.

साल म्हणजे काय, कुसू म्हणजे काय?

एका लाकडात खोदलेलं चौकोनी भोक ती साल, आणि दुसऱ्या लाकडाच्या टोकाला त्या भोकात बसेल अशी काढलेली जीभ ते कुसू. कुसू जिथं संपतं आणि मूळ लाकूड सुरू होतं ती पायरी म्हणजे खांदा. कोणी सालीला नुसतं भोकच म्हणतं, आयटीआयमधून आलेली मुलं मॉर्टाइज-टेनन म्हणतात. शब्दावरून अडू नका.

स्क्रू आणि एल-पट्टी मिळत असताना एवढा खटाटोप कशाला?

आडव्या पट्टीच्या टोकातून, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घुसवलेला स्क्रू लाकडाला नीट धरत नाही. स्टुलावर बसणारा माणूस मागं-पुढं हलतो, प्रत्येक हेलकाव्याला स्क्रूचं भोक केसभर मोठं होतं, आणि दोनेक वर्षांत स्टूल कुरकुरायला लागतं. सालकुसूत लाकूड लाकडाला चारी बाजूंनी धरतं, आणि खांदा पायाला टेकून हेलकावा अडवतो. ताकदीतला मोठा वाटा खांद्याचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पुरावा हवा असेल तर जुन्या नाशकातला एखादा वाडा बघा. दगडी तळखडा, त्यावर सागाचा खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, वर कडीपाट. सगळं एकमेकांत रोवलेलं. आणि फारच मागं जायचं असेल तर जर्मनीत लायप्झिगजवळ विहिरींची ओक लाकडातली बांधणी सापडली आहे, सात हजार वर्षांहून जुनी. तिच्यातही सालकुसूच आहे. ती कापणाऱ्यांकडे लोखंड नव्हतं, दगडी हत्यारं होती. आपली पटाशी, म्हणजे लाकूड खोदायची छिन्नी, बोथट आहे अशी तक्रार करताना हे आठवावं.

लाकूड कुठलं घ्यावं? सागच हवा का?

शिकायला साग उत्तम आणि महागही. रेषा सरळ, चिरफाळत नाही, पटाशीला दाद देतो. फक्त त्यात सिलिकाचे बारीक कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते. आंबा स्वस्त, पण त्याच्या रेषा कधी कुठं वळतील सांगता येत नाही, आणि पांढरं लाकूड कीड पटकन धरतं. बाभूळ पहिल्या सांध्याला नको. हात दुखतील आणि सुतारकामावरचा विश्वास उडेल.

माझा सल्ला जुन्या सागाचा. नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा पडतो किंवा पाडला जातो, आणि त्याच्या कड्या, चौकटी जुन्या मालाच्या दुकानात येतात. वाईट वाटतं, पण ते लाकूड जळणात जाण्यापेक्षा स्टुलात गेलेलं बरं. असं लाकूड कित्येक दशकं सुकलेलं असतं. घरी आणल्यावर आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असला तर करवतीचे दात आणि तुमचा रविवार दोन्ही जातात.

नवीन माल घेत असाल तर वखारीतून पावती घ्या. आपल्याकडं पेठ, सुरगाणा, हरसूल हा सागाचा पट्टा जवळच आहे, म्हणून ‘स्वस्तात आणून देतो’ म्हणणारेही भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. आणि ‘सीझन केलेलं आहे साहेब’, म्हणजे नीट सुकवलेलं, या वाक्यावर विसंबू नका. मी एकदा श्रावणात एका वखारीतून असंच ‘सीझन केलेलं’ लाकूड आणलं. दिवाळीला सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. आता नवीन माल आणला की पट्ट्यांमध्ये काड्या घालून, हवा खेळेल असा, सावलीत एक उन्हाळा ठेवतो.

हत्यारं किती लागतील?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. काटकोन बघायचा गुण्या, कडेला समांतर रेघा ओढायचा दोन टाचण्यांचा मार्किंग गेज, धारदार चाकू, तीन सुताची (सुताचं पुढं सांगतो) एक पटाशी, साफसफाईला एक रुंद पटाशी, लाकडी मोगरी, पाठीला पट्टी असलेली बारीक दातांची करवत, आणि धार लावायचा दगड. रंधा, वाइस, क्लॅम्प हे वेगळे, सांधा कापायला एवढंच. भोक खोदायची जाड पाठीची, अरुंद पटाशी मिळाली तर सोनं. जुने मिस्त्री तिला किकरे म्हणतात. ती जाड असल्यामुळं भोकात आपोआप सरळ उतरते आणि ढलप्या उचकटताना वाकत नाही.

नाशिक म्हटलं की टपारियाचं नाव निघतंच. कारखाना इथलाच, पण त्यांची खरी ओळख पकडी आणि पाने. पटाशी कुठल्याही कंपनीची घ्या, फक्त पोलादी पातं मुठीत सरळ बसलंय ना ते एका डोळ्यानं बघून घ्या. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात कधी जुनं हत्यार दिसलं आणि पात्याची पाठ गंजानं खड्डे पडलेली नसली, तर घासाघीस करून घेऊन टाका. वर-वरचा गंज निघतो. धारेजवळच्या पाठीतले खड्डे मात्र निघता निघत नाहीत.

गुण्या विकत घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीवर टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर घ्या. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

सूत म्हणजे नक्की किती?

इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. मी कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलेला माणूस, मला सूत हे माप नसून डोंगर वाटायचं. मिस्त्री म्हणाले, ‘लाकूड श्वास घेतं, तुझं मायक्रोमीटर त्याला कळत नाही.’ अर्धं सूत, पाव सूत असं डोळ्यानं धरायला दोन-तीन महिने लागतात.

मापं कशी धरायची?

ढोबळ नियम असा की कुसूची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश, पण शेवटचा शब्द पटाशीचा. भोक पटाशीच्या रुंदीचंच होणार. आमच्या स्टुलाची पट्टी रंधा मारून ७ सूत राहते. तिचा तिसरा भाग अडीच सुताच्या आत-बाहेर येतो, पण अडीच सुताची पटाशी कुणाकडं नसते. म्हणून ३ सूत कुसू, दोन्हीकडं २-२ सूत खांदा.

पाय दीड इंच चौरस, म्हणजे १२ सूत. पट्टी पायाच्या बाहेरच्या अंगापासून १ सूत आत बसवतो. या मापानं शेजारच्या दोन बाजूंची भोकं ६ सूत खोल गेली की आत एकमेकांना भेटतात. घाबरू नका, तसंच व्हायचं असतं. भोक ८ सूत खोदा, कुसू साडेसात सूत ठेवा, आणि दोन्ही कुसूंची टोकं ४५ अंशांत तिरकी कापा. तळाशी राहिलेलं अर्धं सूत फेविकॉलला जायला जागा देतं.

वरच्या पट्टीचं कुसू पट्टीच्या पूर्ण रुंदीचं ठेवू नका. वरून तीन-चार सूत कमी करा, नाहीतर पायाचं भोक वरच्या टोकाला उघडं पडेल. पाय कापतानाही वर एक इंच जास्त ठेवा आणि सगळं चिकटवून झाल्यावर कापा. भोक खोदताना टोकाकडचं लाकूड फुटतं ते या एका इंचाच्या अभावी.

आधी साल की आधी कुसू?

साल. भोक एकदा खोदलं की त्याला बारीक करता येत नाही. कुसू तासून भोकाच्या मापाला आणता येतं.

खुणा करण्यात इतका वेळ का घालवता?

कारण सांधा तिथंच जिंकतो किंवा हरतो. पटाशी आणि करवत फक्त खूण पाळतात. रविवारी येणारी मंडळी खुणा पाच मिनिटांत उरकतात आणि पुढचे तीन तास त्या पाच मिनिटांची फेड करतात.

प्रत्येक लाकडाची एक बाजू आणि तिला लागून असलेली एक कड रंध्यानं सपाट आणि गुण्यात आणायची. त्यांच्यावर पेन्सिलीनं ठळक खूण करायची. मी बाजूवर शेपटीसारखी वेलांटी काढतो आणि कडेवर फुली. यापुढं गुण्या आणि गेज यांनी टेकायचं ते फक्त या दोन जागी. उरलेल्या दोन बाजू कितीही देखण्या दिसल्या तरी त्यांच्यावर विसंबायचं नाही, कारण लाकडाची जाडी सगळीकडं तंतोतंत सारखी कधीच नसते. भोकाची गेज एका बाजूनं आणि कुसूची दुसऱ्या बाजूनं मारली, तर तेवढा फरक सांध्यात पायरी होऊन उभा राहतो.

गेजच्या दोन टाचण्यांमधलं अंतर फूटपट्टीनं मोजून लावू नका. पटाशीचं पातंच टाचण्यांवर टेकवा आणि तिच्या रुंदीला गेज लावा. मग टाचण्यांमधलं तेच अंतर ठेवून सगळी सोळा भोकं आणि सगळे सोळा कुसू आखून मोकळे व्हा; पट्टी १ सूत आत बसते म्हणून कडेपासूनचं अंतर तेवढं पायावर ३ सूत, पट्टीवर २ सूत. मध्येच टाचण्या हलवल्या की पुन्हा तिथं येत नाहीत.

खांद्याची रेघ पेन्सिलीनं नको, चाकूनं. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते, तिच्या अलीकडं कापायचं की पलीकडं हा वाद राहतो. चाकू वरचे तंतू आधीच तोडतो, त्यामुळं करवत कड कुरतडत नाही, आणि पटाशीचं टोक त्या चिरेत टक्कन बसतं. चारी बाजूंनी फिरून आलेली रेघ पहिल्या टोकाला नेमकी मिळाली तर लाकूड गुण्यात आहे. नाही मिळाली तर परत रंध्याकडं.

आणि पाय जोडीजोडीनं आखा. माझ्या पहिल्या स्टुलाचे चारही पाय मी शेजारी-शेजारी ठेवून एकसारखे आखले, एकसारखे खोदले, अभिमानानं मिस्त्रींना दाखवले. त्यांनी दोन पाय उचलले आणि विचारलं, ‘स्टूल कुणीकडं तोंड करून उभं राहणार?’ चारही पाय एकाच कोपऱ्याचे झाले होते. डावा-उजवा हा प्रकारच नव्हता. आता चारही पाय स्टुलात उभे राहतील तसे धरून रबरानं बांधतो, वरच्या टोकांवर मिळून एक गोल काढतो, मग सोडून आखतो. ज्या पायावर गोलाचा जो तुकडा, तो त्याचा कोपरा.

साल खोदायची कशी? माझी तिरकी जाते.

लाकूड बाकाच्या पायाच्या बरोबर वर ठेवा, मधोमध नको; बाक उसळला तर ठोका वाया जातो. तुम्ही भोकाच्या बाजूला नाही, टोकाशी उभे राहा. पटाशी डावीकडं झुकतेय की उजवीकडं, ते तिथूनच दिसतं. तिरकं जाण्याचं कारण दहातले आठ वेळा एवढंच असतं.

मधून सुरुवात करा. एक ठोका, मग उलट्या दिशेनं दुसरा, आणि इंग्रजी व्हीसारखी खाच. मग सुता-सुताच्या अंतरानं टोकाकडं सरकत जा, पटाशीची उतरती बाजू भोकाच्या मध्याकडं ठेवून. ढलप्या मध्ये ओढत चला. दोन्ही टोकांना सूतभर लाकूड शेवटपर्यंत शिल्लक ठेवा, कारण ढलपी उचकटताना पटाशी टोकाच्या कडेवर टेकते आणि ती कड दबते. खोली झाल्यावर ते सूतभर लाकूड चाकूच्या रेघेवर पटाशी ठेवून सरळ खाली कापा. पटाशीला ८ सुतावर चिकटपट्टी लावली की खोली मोजत बसावं लागत नाही.

भोकाच्या लांब भिंती तासत बसू नका. पटाशीनं सोडल्या तशा राहू द्या. ‘जरा साफ करतो’ म्हणून तासलेलं भोक रुंदच होतं.

ड्रिलनं भोक पाडून मग चौकोनी केलं तर?

चालतं, पापबिप नाही. ३ सुताच्या भोकाला ८ मिलिमीटरचं बिट लावा, त्याहून मोठं नको. पण नवख्याला यात वेळ वाचतो असं मला दिसलेलं नाही. गोल भोकांमधल्या उरलेल्या टोकांना पटाशी लागली की ती हवी तिकडं घसरते, आणि भिंत सरळ करता करता भोक साडेतीन सूत होतं. पाय बाभळीचा असेल तर मात्र मीही ड्रिल काढतो.

कुसू कापताना करवत रेघ सोडते, काय करू?

टाकाऊ भाग आधी पेन्सिलीनं काळा करा. करवत त्या काळ्या भागात चालली पाहिजे, रेघ उरली पाहिजे. पट्टी वाइसमध्ये तिरकी धरा, म्हणजे टोकावरची आणि कडेवरची अशा दोन रेघा एकदम दिसतील. कोपऱ्यातून सुरू करून तिरका काप घ्या. पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूनं तसाच. शेवटी पट्टी सरळ उभी करून मधला उरलेला त्रिकोण कापा. आता करवतीला दोन्हीकडं तयार वाट असते. करवत दाबू नका. मूठ अशी धरा की जणू चिमणीचं पिल्लू हातात आहे.

खांदा कापायच्या आधी चाकूच्या रेघेच्या टाकाऊ अंगाला पटाशीनं उथळ खाच काढा, करवत त्यात बसते. दीड मिनिटाचं काम, फरक जमीन-अस्मानाचा.

किती घट्ट बसायला हवं?

हातानं अर्धं जावं, उरलेलं मोगरीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी. जोर लावावा लागला तर थांबा, पाय फुटेल. कुसूच्या दोन्ही अंगांना पेन्सिल फासा, घाला, काढा. जिथं चमक येते तिथंच घट्ट आहे, तेवढंच तासा.

सैल झालं तर त्याच लाकडाची पातळ चकती, रेषा त्याच दिशेनं ठेवून, कुसूला चिकटवा आणि पुन्हा मापाला आणा. भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरून सांधा ‘बसवायची’ आपल्याकडं फार जुनी रीत आहे. दिसायला फट बुजते, ताकद शून्य. माझ्या गच्चीवर बंदी आहे.

सांधा पूर्ण बसला तरी खांद्याशी फट राहते.

आधी बघा, कुसू तळाला तर टेकत नाही ना. टेकत नसेल तर खांदे एका पातळीत नाहीत. सांधा बसवून ठेवा आणि फटीतून बारीक करवत हलकेच चालवा, जिथं लागेल तिथलं लाकूड ती घेईल. पुन्हा ठोका. एक-दोनदा केलं की फट मिटते. फक्त समोरच्या पट्टीवरही तेवढंच कापावं लागतं, नाहीतर स्टूल वाकडं.

फेविकॉल, खुंटी, पाचर: काय वापरू?

स्टुलाला फेविकॉल पुरतो. पातळ थर, भोकाच्या भिंतींना आणि कुसूला दोन्हीकडं. सागाला नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या. क्लॅम्प लावल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट गुण्यात. पावसाळ्यात रात्रभर तसंच ठेवा.

दाराच्या चौकटीला किंवा खाटेला मात्र खुंटी हवी, आणि तिच्यात एक खुबी आहे. पायातून आरपार भोक पाडायचं, कुसू घालून त्यावर बिटाच्या टोकानं खूण करायची, कुसू बाहेर काढून खुणेपासून अर्धं सूत खांद्याच्या बाजूला सरकवून भोक पाडायचं. मग निमुळती खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढते आणि क्लॅम्प न लावता खांदा घट्ट टेकतो. मी पहिल्यांदा अर्धं सूत उलट्या बाजूला सरकवलं. प्रत्येक ठोक्याला सांधा उघडत गेला आणि मी आणखी जोरात ठोकत राहिलो.

आरपार कुसूला पाचर मारणार असाल तर ती पायाच्या उंचीच्या दिशेनं फाकली पाहिजे, म्हणजे रेषांच्या टोकांवर दाब येईल. आडवी फाकली तर पाय चिरतो.

पावसाळ्यात घट्ट, उन्हाळ्यात सैल. माझं कापणं चुकलं का?

बहुतेक नाही. लाकूड लांबीला जवळजवळ बदलत नाही, रुंदीला बदलतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत कापाच्या दिशेप्रमाणे सुमारे अडीच ते पावणेसहा टक्के आकसतो, आणि बाकीची बरीच लाकडं त्याहून जास्त. ऋतूंमधला फरक याचा लहान भाग, पण तो दर वर्षी होतो. सांध्यात अडचण अशी की पाय उभा, पट्टी आडवी. कुसू रुंदीला आकसतं आणि भोक लांबीला तेवढंच राहतं. म्हणून कुसूची रुंदी जाडीच्या सहापटीवर नेऊ नका. दाराच्या खालच्या रुंद पट्टीला एकाऐवजी दोन कुसू काढतात ते यासाठीच.

धार किती वेळानं लावायची?

विचारावंसं वाटलं की लावायची वेळ झालेली असते. धारेचा कोन ३० अंशांच्या आसपास, पाठ सपाट. सागात दर दोन भोकांनंतर एकदा दगडावर फिरवा.

फ्लॅटमध्ये राहतो. ठोकण्यावरून खालचे ओरडतात.

खोदकाम रविवारी अकरानंतर करा, बाकाखाली जुनी रबरी चटई घाला, आणि पहिलं स्टूल खालच्यांना द्या.

एका सांध्याला किती वेळ लागतो?

पहिल्याला दोन तास धरा. सोळाव्याला अर्धा-पाऊण. मिस्त्री गप्पा मारत, तंबाखू मळत, पंधरा मिनिटांत उरकायचे, पण त्यांनी आयुष्यात किती कापले असतील याचा हिशेब त्यांनाही नव्हता.

रविवारी येताना काय आणू?

जुना सुती कपडा, पाण्याची बाटली, आणि पायात बूट. चपलेवर आलात तर परत पाठवीन. पटाशी हातातून निसटली की ती धारेच्याच बाजूनं खाली येते.